सतलज, स्पिती, चंद्रा, बियास: जोडीनं सायकलवर निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं नवरा-बायको साताऱ्याचे. शिमल्याहून किन्नौर आणि स्पितीतून मनालीपर्यंत सायकलनं जाऊन आलो, तेव्हापासून विचारणा थांबलेली नाही. सायकलवाले मित्र रस्त्याबद्दल विचारतात, नातेवाईक तब्येतीबद्दल. जोडीनं जायचं मनात असलेले लोक मात्र आधी इकडचं तिकडचं विचारतात आणि खरा प्रश्न शेवटी काढतात. ते सगळे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं मी लिहिली आहेत. सायकलच्या यंत्रभागाबद्दलचं नवऱ्यानं तपासून दिलं आहे.

नेमका मार्ग कोणता?

शिमला, नारकंडा, रामपूर बुशहर, रिकाँग पिओ आणि कल्पा, नाको, ताबो, काझा, लोसर, कुंझुम खिंड, बातल, छतरू, ग्राम्फू, रोहतांग, मनाली. खाबपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५ आणि तिथून ग्राम्फूपर्यंत ५०५. सगळं मिळून सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. आडवाटेची गावं धरली तर अंतर वाढतं, आणि ती धरावीतच.

हा मार्ग नद्यांवरून लक्षात ठेवणं सगळ्यात सोपं. नारकंड्याहून कुमारसैन, किंगल करत खाली उतरलं की सतलज भेटते. तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं खाबपर्यंत जायचं. खाबला तिबेटातून आलेल्या सतलजेला स्पिती मिळते. तिथून स्पितीचा हात धरून तिच्या उगमाकडे, म्हणजे कुंझुमच्या पायथ्याशी लोसरपर्यंत. कुंझुम ओलांडली की चंद्रा नदी, आणि आता तिच्या प्रवाहाबरोबर खाली. शेवटी रोहतांगवर बियास उगम पावते ती मनालीपर्यंत सोबत असते.

कुंझुमच्या माथ्यावर उभं राहिलं की अलीकडचं पाणी स्पितीतून सतलजेला जातं आणि पलीकडचं चंद्रेतून चिनाबला. ही दोन पाणी पुन्हा भेटतात ती थेट पाकिस्तानात पंजनदला. बियास तर त्याआधीच पंजाबात हरिकेला सतलजेला मिळालेली असते. नकाशा घेऊन एका संध्याकाळी या चार नद्यांवरून नुसतं बोट फिरवा. निम्मी तयारी तिथंच होते, कारण कुठे चढ, कुठे उतार आणि मुक्कामाची गावं कुठे, हे सगळं नदीच ठरवते.

मनालीकडून सुरुवात केली तर जवळ पडत नाही का?

काझा जवळ पडतं, पण शरीराला महाग पडतं. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तिथून निघालात तर रोहतांग आणि मग ४,५५० मीटरच्या आसपासची कुंझुम हे दोन्ही पहिल्या चार-पाच दिवसांतच समोर येतात. शरीर विरळ हवेला सरावलेलं नसतं, आणि मधल्या बातल, छतरूच्या टप्प्यात दवाखाना नाही.

किन्नौरकडून उंची हळूहळू वाढते. नारकंडा २,७०० मीटर, मग उतरून रामपूर जेमतेम १,००० मीटर, कल्पा २,९६०, नाको ३,६६०, पुन्हा थोडं खाली ताबो ३,२८०, मग काझा ३,७०० च्या आसपास आणि लोसर ४,०८०. कुंझुमला पोचेपर्यंत शरीर तयार झालेलं असतं. आमच्या मते जोडीनं जाणाऱ्यांना दुसरा मार्गच नाही. दोघांची शरीरं उंचीला सारख्याच वेगानं सरावतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि किन्नौरकडच्या वाटेवर मागे पडलेल्यासाठी थांबायला जागोजागी गावं आहेत.

वाऱ्याचाही विचार करा. दुपारी उन्हानं डोंगरउतार तापतात, हवा वर चढते आणि खोऱ्याच्या खालच्या बाजूनं वारा आत ओढला जातो. त्यामुळे स्पितीत नदीच्या उगमाकडे जाताना दुपारचा वारा साधारणपणे पाठीशी असतो. उलट्या दिशेनं जाणारे सायकलस्वार तोच वारा छातीवर घेत येताना दिसतात.

किती दिवस ठेवावेत?

सायकल चालवण्याचे आणि विश्रांतीचे मिळून सोळा ते अठरा. घरापासून शिमला आणि मनालीहून परत हे वेगळे. याहून कमी दिवसांत करणारे लोक आहेत. पण त्यात ताबोच्या विहारात दोन तास बसणं, धनकरला मुक्काम, लांग्झाला चालत जाणं हे सगळं गळतं.

दोन दिवस केवळ रस्ता बंद पडण्यासाठी राखून ठेवा. ते नाही लागले तर काझात घालवा.

कोणता महिना चांगला?

सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरची सुरुवात. कुंझुम साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडी असते. बर्फ कधी हटतं आणि कधी पडतं यावर त्या तारखा दरवर्षी पुढेमागे होतात. जूनमध्ये बर्फाच्या भिंती बघायला मिळतात, पण वितळणाऱ्या पाण्यानं नाले भरलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस अगदी कमी, तो भाग पर्जन्यछायेत येतो. पण स्पितीला पोचायला आधी शिमला आणि खालचं किन्नौर ओलांडावं लागतं, आणि तिथं पावसाळ्यात दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीजवळ याच महामार्गावर दरड बसवर आली आणि माणसं गेली. सुट्टी जुळत नाही म्हणून पावसाळ्यात जाऊ नका, पुढच्या वर्षी जा.

सप्टेंबरअखेर किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायला आलेली असतात. रस्त्याकडेला पेट्यांच्या राशी लागतात, आणि सायकल बघून हातावर दोन सफरचंदं ठेवणारं कोणी ना कोणी भेटतंच. त्या दिवसांत ट्रकांची वर्दळ वाढते, एवढं ध्यानात ठेवा.

परवाने लागतात का?

या मुख्य रस्त्यासाठी भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट लागत नाही. परदेशी पासपोर्टवाल्यांना सीमेलगतच्या टप्प्यासाठी लागतं. तुमच्यापैकी एकानं परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर हे आधी बघा. आधार कार्ड जवळ ठेवा, सुमदोसारख्या नाक्यांवर नाव-गाव नोंदवावं लागतं.

सायकल महाराष्ट्रातून तिथं कशी न्यायची?

आम्ही रेल्वेनं नेली. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस अंबाल्याला थांबते. पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी जाऊन, आपल्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, चढेल अशी नोंद करून घ्यायची. पेडल काढून ठेवा, हँडल आडवं करून बांधा, मागच्या गिअरच्या भागाला जाड पुठ्ठा गुंडाळा. नाव, गाडी क्रमांक आणि उतरण्याचं स्टेशन मोठ्या अक्षरांत दोन ठिकाणी लावा. अंबाल्याहून शिमल्याला बस, सायकली टपावर. दोर आपला न्या आणि बांधताना स्वतः वर चढा.

विमानानं चंदीगडला जायचं तर सायकल खोक्यात भरावी लागते. खोकं सायकलच्या दुकानात मागितलं की मिळतं. परतीला मनालीत तसं खोकं सहज मिळेल असं धरून चालू नका.

कोणती सायकल? महागडीच हवी का?

नाही. साधी, मजबूत, कुठेही दुरुस्त होईल अशी एमटीबी (माउंटन बाइक) किंवा दणकट हायब्रिड पुरते. पैसे तीन गोष्टींवर घाला: हलके गिअर, चांगले ब्रेक, जाड टायर.

गिअरचं गणित नवऱ्याच्या शब्दांत: पुढे सगळ्यात लहान चकती २२ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी ३४ ची असेल, तर पेडलच्या एका पूर्ण फेरीत चाक पाऊण फेरीही फिरत नाही. खाबनंतर नाकोपर्यंतच्या का गावाच्या वळणांवर, जिथं सलग हजारेक मीटर उंची चढायची असते, तिथं सामानासकट बसून चढायचं तर असाच गिअर लागतो. रोड बाइकचे गिअर घेऊन आलेल्यांना सायकल ढकलावी लागते.

टायर दोन इंचाच्या जवळपासचा. शिमला ते पिओ डांबर बरं आहे. पुढे कुठे गुळगुळीत, कुठे खडी. बातल ते ग्राम्फू या टप्प्यात दगडगोटे, वाळू आणि पाणी यांतूनच वाट काढावी लागते. तिथं ताशी सात-आठ किलोमीटर वेग मिळाला तरी चांगलं म्हणायचं.

ब्रेकचे नवे पॅड घालून निघा आणि दोन जोड जास्तीचे ठेवा. रोहतांगहून मनालीला उतरताना ५१ किलोमीटरमध्ये जवळजवळ १,९०० मीटर खाली यायचं असतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, म्हणजे डिस्क थंड व्हायला वेळ मिळतो.

दुरुस्तीचं सामान?

ट्यूब माणशी दोन, पंक्चर किट, पंप, टायर लिव्हर, चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडी, गिअर व ब्रेकच्या केबल, मोजके स्पोक, ॲलन की, झिप टाय, चिकटपट्टी. आणि तुमच्या मॉडेलचा गिअर हँगर नक्की. हा लहानसा ॲल्युमिनियमचा तुकडा वाकला की गिअर चालत नाहीत, आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. रामपूर आणि पिओला सायकलचं साधं काम होतं, पुढे स्वतःवरच भिस्त. चेन रोज संध्याकाळी पुसून तेल द्या, स्पितीची धूळ फार बारीक असते.

दोघांचा वेग वेगळा आहे. कसं जमायचं?

हाच तो शेवटी विचारला जाणारा खरा प्रश्न.

बहुतेक जोड्यांत एक जण जास्त सायकल चालवलेला असतो. चढावर तो पुढे निघतो, वळणावर थांबतो, पाणी पितो, फोटो काढतो. दहा मिनिटांनी दुसरं माणूस धापा टाकत पोचतं, आणि हा लगेच "चल, निघूया" म्हणतो. म्हणजे पुढच्याला दिवसभर विश्रांती मिळते आणि जिला खरी गरज आहे तिला मिळतच नाही. दोन दिवस हे चालतं. तिसऱ्या दिवशी रस्त्यातच भांडण होतं, आणि ते वेगावरून असलं तरी भलत्याच गोष्टीवरून काढलं जातं.

आमच्याकडे नियम असा आहे: थांबल्यावर विश्रांतीची वेळ मोजायची ती मागून आलेल्याच्या पोचण्यापासून. निघायचं कधी, हे मागून आलेल्यानं सांगायचं. चढावर हळू असणाऱ्यानं पुढे राहायचं. मागचा जोरकस असेल तर त्याला वेग धरून ठेवणं अवघड जात नाही. पुढच्याला मात्र आपण कोणाला अडवतोय असं वाटता कामा नये, एवढं मागच्यानं सांभाळायचं. घंटी वाजवायची नाही, "थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही.

दुसरा उपाय वजनाचा. सामान निम्मं-निम्मं वाटणं दिसायला न्याय्य, पण डोंगरात ते उपयोगाचं नाही. हत्यारं, स्टोव्ह, धान्य, तंबू हे जोरकस माणसाकडे. कपडे आणि झोपायच्या पिशव्या दुसऱ्याकडे. दोनेक दिवसांनी चढावरचं अंतर बघा आणि एखादी पिशवी इकडची तिकडे करा. वेग सारखा करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि त्यात कोणाला कमीपणा नाही.

काही गोष्टी मात्र वाटून घ्यायच्याच नाहीत. पाणी, दिवसभराचं खाणं, एक ट्यूब, पंप, थोडे पैसे, ओळखपत्र, टॉर्च आणि गरम जाकीट हे प्रत्येकाच्या सायकलवर स्वतंत्र हवं. एक पुढे गेला आणि मध्ये दरड आली, तर दोघांनाही रात्र काढता आली पाहिजे.

उतारावर उलटं करा, अंतर ठेवून चालवा. किन्नौरात रस्ता कड्यात कोरलेला आहे. तरंडा ढांकसारख्या ठिकाणी डोक्यावर खडक आणि एका अंगाला सतलजेची खोल दरी. तिथं समोरून बस आली की थांबायला जागा लागते. दोन सायकली चिकटून असतील तर मागच्याला ती मिळत नाही.

टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची एकच सायकल घेतली तर?

वेगाचा प्रश्न सुटतो, पण बातलच्या पुढे नाल्यात ती उचलायची कशी, याचा विचार करा. रेल्वेतही अडचण. आम्ही घेणार नाही.

निर्णय कोण घेतं?

पुढे जायचं की थांबायचं यावर मतभेद झाला, तर "थांबू" म्हणणाऱ्याचं ऐकायचं. त्याला कारण द्यावं लागत नाही. घरून निघण्याआधी हे दोघांनी मान्य केलेलं असलं की रस्त्यात वाद होत नाही. चार हजार मीटरवर, भूक लागलेली असताना कोणाचंच डोकं वाद घालण्याच्या लायकीचं नसतं. पहिला उपाय म्हणजे खाणं. शेंगदाण्याचा लाडू खाऊन दहा मिनिटांनी तोच विषय काढा.

उंचीचा त्रास कसा टाळायचा?

महाराष्ट्रात याचा सराव करता येत नाही, हे आधी मान्य करा. कळसूबाई १,६४६ मीटर. नाको त्याच्या दुपटीहून उंच. आम्ही यवतेश्वर, कास, पसरणीचा घाट अनेकदा चढलो. त्यानं पायात ताकद येते, उंचीची तयारी होत नाही. चांगला व्यायाम असलेल्या माणसालाही त्रास होऊ शकतो, किंबहुना तोच जास्त वेगानं वर जातो.

३,००० मीटरच्या पुढे झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक पूर्ण विश्रांती घ्यावी, हा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलं तर उत्तम. कल्प्यात दोन रात्री काढा. कल्पा ते नाको झोपायची उंची ७०० मीटरनं वाढते, हे ध्यानात ठेवा. नाकोहून ताबोला आपोआप खाली येतो. काझात पुन्हा किमान दोन रात्री. मधल्या दिवशी 'की' नावाच्या गोंपापर्यंत (बौद्ध विहार) आणि किब्बरपर्यंत रिकाम्या सायकलनं जाऊन या. 'की' गोंपा सुमारे ४,१६० मीटरवर आहे, आणि झोपायला पुन्हा काझात.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असतील तर त्या दिवशी वर जायचं नाही. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी दम लागणं, खोकल्यातून फेस येणं ही धोक्याची. तेव्हा रात्र असो वा दिवस, गाडी करून खाली उतरायचं. असिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी दिलं जातं. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे आजार अशा गोष्टी बघाव्या लागतात, म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

इथं जोडीचा फार उपयोग होतो. मेंदूवर परिणाम झालेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही, "मी ठीक आहे" असंच तो म्हणतो. रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांना सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावायचो आणि किती जेवण गेलं ते बघायचो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ होतं, पण आकड्यापेक्षा जेवणाचं ताट जास्त खरं सांगतं.

दवाखाने रामपूरजवळ खनेरीला, रिकाँग पिओला आणि काझाला आहेत. काझानंतर मनालीपर्यंतच्या वाटेवर तसं काही नाही.

नाले ओलांडायची भीती वाटते.

वाटायला हवीच. बातल ते छतरू या टप्प्यात हिमनद्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं. ऊन चढतं तसं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी वाढतं. म्हणून बातलहून उजाडताच निघा आणि मोठे नाले सकाळीच मागे टाका. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा गढूळपणामुळे तळ दिसत नसेल, तर गाडी येईपर्यंत थांबा. ट्रकवाले आणि टेम्पोवाले सायकल चढवून घेतात.

पायात पट्ट्यांच्या सँडल घाला, अनवाणी जाऊ नका, पाण्याखालचे दगड हलतात. आधी सामान, मग सायकल, असं दोन-तीन फेऱ्यांत न्या. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, म्हणजे ती सुटली तरी अंगावर येत नाही. आम्ही एकाच वेळी दोघं पाण्यात उतरत नसू. एक काठावर उभा, मोकळ्या हातानं.

राहायचं कुठे? तंबू लागतो का?

लोसरपर्यंत जवळपास प्रत्येक मुक्कामाच्या गावात होमस्टे किंवा लहान हॉटेल मिळतं. बातल, छतरूला हंगामात ढाब्यांमध्ये आणि तंबूंत झोपायची सोय असते, जाड रजया मिळतात. तरी हलका तंबू आम्ही नेलाच. दोघांत एक तंबू म्हणजे वजन फार होत नाही. चंद्रतालच्या अगदी काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, राहण्याचे तळ तलावापासून लांब आहेत. तो नियम पाळा. तिथली उंची ४,२५० मीटरच्या वर आहे, त्यामुळे झोप कच्ची लागेल याची तयारी ठेवा.

खाण्याचं काय?

शाकाहारी माणसाचं काही अडत नाही. राजमा-भात, डाळ, पराठा, मॅगी सगळीकडे. शिमल्याच्या बाजूला सिड्डू, वर स्पितीत थुक्पा. सिबकथॉर्नचा आंबट रस मिळाला तर जरूर घ्या, त्या बाजूला त्याला छरमा म्हणतात. किन्नौरचे चिलगोजे महाग असतात, पण खिशात मूठभर ठेवले तर चढावर साथ देतात.

घरून चिक्की, लाडू, मेतकूट आणि कोरडा ठेचा नेला. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे स्वतः शिजवायचं असेल तर डाळ-तांदळाच्या नादी लागू नका, पोहे, ओट्स, शेवया न्या. तहान लागो न लागो, पाणी पीत राहा. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत नाही.

पाळी, स्वच्छता, अंगावरचे कपडे यांबद्दल कोणी सांगत नाही.

मी सांगते. पाळीच्या तारखा औषधानं पुढे ढकलण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना प्रवासाची उंची सांगा. त्यातल्या काही गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि उंचीवर, शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना तो विषय हलका नसतो. मी गोळ्या न घेता गेले. कप वापरायची सवय असेल तर सोपं जातं, पण ती सवय घरी किमान तीन-चार महिने आधी करा. पॅड वापरत असाल तर वापरलेले बंद पिशवीत घेऊन मोठ्या गावापर्यंत या. ओढ्यात किंवा दगडाखाली काही टाकू नका, तेच पाणी खालच्या गावात पितात.

खांद्यावरून पट्टे येणारी सायकल शॉर्ट घेऊ नका, उघड्यावर जायची वेळ आली की सगळे थर उतरवावे लागतात. कमरेची शॉर्ट, वर सैल पँट. मांड्या घासू नयेत म्हणून व्हॅसलीन. काझापुढे झाडं नाहीत, आडोसा म्हणजे मोठा धोंडा किंवा जोडीदारानं धरलेली शाल.

बाईच्या दृष्टीनं सुरक्षित आहे का?

या रस्त्यावर मला माणसांची भीती कधी वाटली नाही. सुसाट गाड्यांची, सुटणाऱ्या दगडांची आणि रात्री गावातल्या कुत्र्यांची वाटली. रस्त्यावर "शूटिंग स्टोन"चे फलक दिसतात तिथं फोटोला थांबू नका, विशेषतः वारा सुटलेला असताना. अंधाराआधी मुक्काम गाठा. स्पितीत हसून "जुले" (तिथला नमस्कार) म्हटलं की बहुतेक दारं उघडतात.

वाटेत थांबून काय बघावं?

ताबो. विहाराची स्थापना इसवी सन ९९६ ची. बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आत अंधारात भिंतभर चित्रं आणि मातीच्या मूर्ती. त्याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसानं इथं वेळ काढून बसायला हवं. दगडात कोरलेल्या लेण्यांतली चित्रकला आपल्याला माहीत असते. इथं मातीच्या भिंतींवर, बर्फ आणि भूकंप सोसत हजार वर्षं रंग टिकले आहेत. १९७५ च्या जानेवारीतल्या मोठ्या भूकंपाचा तडाखा याही भागाला बसला होता. आत फोटो काढता येत नाहीत, आणि ते फार बरं आहे. टॉर्च न्या, डोळे अंधाराला सरावू द्या.

धनकर दुसरं. मुख्य रस्त्यापासून आठेक किलोमीटरचा दमवणारा चढ, पण वरून पिन आणि स्पितीचा संगम दिसतो. नदी तिथं वाळूत अनेक धारांनी पसरलेली असते.

करचमला बास्पा सतलजेला मिळते. तिथून सांगल्याकडे वळायचा मोह होईल. दिवस असतील तर वळा, रस्ता अरुंद आणि चढ कडक आहे. सतलजेच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पही आहेत: १,५०० मेगावॉटचा नाथपा-झाकरी, वर करचम-वांगतू. मोठे पट्टे असे आहेत की नदी बोगद्यात गेलेली असते आणि पात्रात थोडंसं पाणी उरतं. कारमधून जाणाऱ्याला ते जाणवत नाही. सायकलवर तासन् तास नदीच्या आवाजात चालवत असताना तो आवाज अचानक खाली गेलेला लगेच कळतो, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

फोन आणि पैसे?

काझापर्यंत मोठ्या गावांत नेटवर्क येतं-जातं. लोसर सोडल्यावर कोकसरच्या बाजूला येईपर्यंत आशा ठेवू नका. घरी आधीच सांगून ठेवा की काझानंतर चार-पाच दिवस फोन लागणार नाही. पोचायची तारीख सांगताना दोन दिवस पुढची सांगा. एटीएम पिओ आणि काझात आहेत, पण रोख रक्कम खालूनच घेऊन निघा आणि दोघांत वाटून ठेवा.

एकाला पुढे जमलं नाही तर?

दोघंही थांबा. काझापर्यंत हिमाचल परिवहनच्या बस चालतात, सायकल टपावर जाते. एकानं बसनं पुढे जायचं आणि दुसऱ्यानं सायकलनं, हा पर्याय किन्नौरात चालू शकतो. काझापुढे तो आम्ही विचारातही घेणार नाही. काझाहून परत शिमल्याच्या बाजूला उतरलात तरी सतलज आणि स्पितीची पूर्ण खोरी पाहून झालेली असतात. कुंझुम पुढच्या जूनला पुन्हा उघडते.